माळावरचा तरवड

जामबागेतून फुलांचा घाऊक बाजार गुडीमलकापूरला गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी बतुकम्माच्या दिवसांत आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर पिवळ्या फुलांचे भारे घेऊन बायका बसतातच. त्या फुलाला तेलुगूत तंगेडू म्हणतात. बतुकम्मा रचायला ते लागतंच, आणि तेलंगणाचं राज्यफूलही तेच. शेतात ते कोणी लावत नाही. गावाबाहेरच्या माळावर, रस्त्याकडेला, तळ्याच्या बांधावर आपोआप उगवतं आणि पहाटे तोडून शहरात आणतात.

गेल्या नवरात्रात माझ्या आठ वर्षांच्या मुलीने शेजारच्या घरी बतुकम्मा रचायला मदत केली. घरी येऊन तिने विचारलं, "बाबा, हे झाड मराठीत असतं का?" म्हटलं, असतं, त्याला तरवड म्हणतात. "आपल्या गावाला आहे?" खूप आहे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. खूप होतं. तीन वर्षांपूर्वी आपल्या माळावरचा तरवड मी मारला होता. हाताने नव्हे, हैदराबादेत बसून, एक एक्सेल शीट करून आणि पैसे पाठवून. त्याचीच ही गोष्ट आहे.

आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, बार्शी रस्त्यापासून थोडं आत. आजोबा शिकायला म्हणून मामांकडे हैदराबादेत आले आणि विवेकवर्धिनीच्या आसपासच्या गल्ल्यांतच राहिले. शेती चुलत घराकडे राहिली. काळी जमीन दादा कसतो. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. पण वाटणीच्या कागदावर एक पाच एकरांचा मुरमाड तुकडा अजून सामाईक आहे. घरात त्याला नुसतं 'माळ' म्हणतात. त्यावर कधी काही पिकलं नाही. आजोबा म्हणायचे, "तो माळ आपला नाही, मेंढक्यांचा आहे. आपण फक्त पट्टी भरतो." दिवाळीनंतर मेंढक्यांचा वाडा यायचा, पंधरा दिवस माळावर चरायचा, रात्री मेंढ्या आमच्या काळ्या रानात बसायच्या आणि खत टाकून पुढे जायच्या. पैशांचा फारसा व्यवहार नव्हता. ज्वारी, थोडा चहा-साखरेचा खर्च आणि तीन पिढ्यांची ओळख.

मी हा माळ लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिला आणि नंतर उपग्रहाच्या चित्रात. काम करता करता कंटाळा आला की मी गावाचा नकाशा उघडतो. जुन्या चित्रांत माळ तपकिरी दिसायचा. मग दरवर्षी थोडा हिरवा होत गेला. मला बरं वाटलं. दादाला फोन करून म्हटलं, "आपला माळ सुधारतोय रे." तो हसला. "सुधारतोय कसला, वेडी बाभूळ भरली सगळी. आत शेरडू शिरंना आता."

हैदराबादहून सोलापूरला जाणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. पटणचेरू, जहिराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग. पुढच्या वेळी खिडकीतून एक गंमत करा. संगारेड्डी सोडल्यावर रस्त्याच्या कडेला, बारीक पानांचं, काटेरी, कायम हिरवं एक झुडूप सुरू होतं आणि सोलापूरपर्यंत साथ सोडत नाही. जहिराबादला चहा पिताना त्याचं नाव विचारा, सर्कार तुम्मा म्हणतील. हुमनाबादला विचारा, बळ्ळारी जाली. उमरग्याच्या पुढे ते वेडी बाभूळ होतं. तीन भाषांत तीन नावं, आणि तिन्हींत ते परकं आहे ही खूण. एकीत ते सरकारचं, दुसरीत बळ्ळारीचं, तिसरीत वेडं. गुजरातीतही त्याला 'गांडो बावळ' म्हणजे वेडी बाभूळच म्हणतात.

नावं खोटी नाहीत. हे झाड मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातलं. १८७७ मध्ये याचं बी भारतात आलं. पहिल्या लागवडीत कडप्पा जिल्ह्यातल्या कमलापुरमची नोंद आहे. सरपण मिळेल, उजाड जमीन झाकली जाईल, वाळू थांबेल, हा हेतू. तो पुष्कळ अंशी साधलाही. आजही लाखो गरीब घरांची चूल आणि शहरांतल्या तंदुरांचा कोळसा या झाडावर चालतो. कच्छमधल्या बन्नी या प्रचंड गवताळ प्रदेशात गुजरातच्या वनखात्याने १९६१ मध्ये रणाचं मीठ पुढे सरकू नये म्हणून सुमारे ३१ हजार हेक्टरांवर ते लावलं. पुढे ते स्वतःहून पसरलं आणि बन्नीचा अर्ध्याहून जास्त भाग त्याने व्यापला. तिथले मालधारी, म्हशी-गाई पाळणारे लोक, गवत शोधत फिरतात.

पसरण्याची युक्ती साधी आहे. शेंगा गोड असतात. शेळ्या, मेंढ्या, गाई त्या आवडीने खातात. बी पचत नाही, उलट पोटातून जाताना त्याचं कठीण कवच मऊ होतं आणि शेणा-लेंड्यांसोबत खतासकट ते नव्या जागी पडतं. म्हणजे आमच्या माळावर हे झाड बहुधा मेंढक्यांच्याच कळपाने आणलं. यात मेंढक्यांचा दोष काढू नका. गवत कमी होतं म्हणून मेंढ्यांनी शेंगा खाल्ल्या, आणि शेंगा खाल्ल्या म्हणून गवत आणखी कमी झालं.

आता माझी एक्सेल शीट. दादाने जेसीबीचा भाव काढला होता. मला तो जास्त वाटला. शिवाय माळ उकरला की माती वाहून जाणार, हेही खरंच. मी दोन रात्री वाचत बसलो. टेक्सासमधले पशुपालक याच झाडाच्या भावंडाशी शंभर वर्षं झगडत आहेत, तिथे त्याला मेस्कीट म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे विमानातून तणनाशक फवारून लाखो एकर झुडपं मारली गेली. मला एवढंच दिसलं की झुडूप मरतं आणि गवत राहतं. आणि असं औषध आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात मिळतं: टू-फोर-डी. रुंद पानांच्या वनस्पती मारतं, गवतवर्गाला फारसं लागत नाही, म्हणून ज्वारी, मका, उसात वापरतात. ग्लायफोसेट मी बाद केलं, कारण ते गवतही मारतं. केवढा शहाणपणा! दादाला म्हटलं, औषधाचे पैसे मी देतो.

दादा म्हणाला, "तू म्हणतोस तर करू. पण माळावर औषध मारलेलं मी कुठं बघितलं न्हाई." ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. ऑफिसात एखाद्या जुन्या माणसाने असं म्हटलं असतं तर मी चार दिवस काम थांबवून चौकशी केली असती. गावातला माणूस म्हणाला, तर मला ते घाबरटपणा वाटलं.

ऑक्टोबरच्या शेवटी फवारणी झाली. चार गडी, पाठीवरचे पंप, तोंडाला रुमाल. मी हातमोजे आणि मास्कचे पैसे शीटमध्ये धरले होते, पण ते कोणी घेतले का हे विचारलं नाही. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी बातम्या वाचून हळहळ केली होती. ती कीटकनाशकं होती, हे वेगळं औषध. पण पाठीवरचा पंप तोच आणि रुमालही तोच. सुदैवाने आमच्याकडे कोणाला काही झालं नाही.

दोन आठवड्यांत फोटो आले. वेड्या बाभळीची पानं करपून गळलेली, फांद्या उघड्या. मी ते फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. अंगठे आले.

तिसऱ्या आठवड्यात दादाचा फोन आला. आवाज वेगळा होता. आमच्या माळापासून अर्ध्या किलोमीटरवर एका शेजाऱ्यांची द्राक्षबाग आहे. आमचा भाग द्राक्षांचा. सोनाका ही लांब मण्याची द्राक्षाची जात ज्यांनी निवडून काढली ते नानासाहेब काळे नान्नजचेच. इथे ऑक्टोबरमध्ये छाटणी होते आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत वेलीला कोवळी फूट येते. त्या फुटीची पानं नेमकी तेव्हा वाकडी येऊ लागली होती. लहान, पंख्यासारखी, शिरा जवळजवळ आलेल्या, कडा करवतीसारख्या. बागायतदारांनी पान बघताच ओळखलं. द्राक्षाच्या भागात टू-फोर-डीचं पान ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही.

मग मी उरलेलं वाचलं. हे औषध म्हणजे वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल. झाडाला वाटतं वाढायचंय, आणि ते वेडंवाकडं वाढत सुटतं. द्राक्ष आणि कापूस याला फार हळवे. त्यातही औषधाचे दोन प्रकार आहेत. अमाइन हा क्षार कमी उडतो. एस्टर हा प्रकार पानाच्या मेणातून चांगला शिरतो, पण उन्हात त्याची वाफ होते आणि फवारा सुकल्यावरही ती वाऱ्याबरोबर जाऊ शकते. आमच्या डब्यावर एस्टर होतं. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन होतं. डब्याच्या लेबलवर वेड्या बाभळीचं नाव तर कुठेच नव्हतं. हे सगळं बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि दुसऱ्यांनी न वाचलेल्या सूचनांवर मी आयुष्यभर चिडत आलोय.

भरपाई दिली. आकडा सांगत नाही, जेसीबीच्या भावापेक्षा जास्त होता. शेजारी भले, पोलिसात गेले नाहीत. पण दादा त्यांच्या बांधावरून जाताना अजून मान खाली घालून जातो, आणि ती मान खरं तर माझी आहे.

त्या वर्षी मेंढके आले. आम्ही त्यांना काही कळवलं नव्हतं. कळवायचं असतं हेच माझ्या शीटमध्ये नव्हतं. म्हाताऱ्या मेंढक्याने माळाच्या कडेला उभं राहून करपलेली झुडपं पाहिली, एक फांदी मोडून वास घेतला आणि कळप वळवला. वाडा पुढच्या गावाला गेला. दादाच्या काळ्या रानाला त्या वर्षी मेंढीखत मिळालं नाही. पुढच्या वर्षी ते आमच्या गावाकडे आलेच नाहीत.

आणि वेडी बाभूळ? पावसाळ्यात बुडातून फुटली. एका खोडाच्या जागी आठ-दहा फांद्या, आधीपेक्षा दाट. या झाडाचे डोळे जमिनीखाली, खोड आणि मूळ जिथे जोडतात तिथे वीतभर खोलीपर्यंत असतात. वरचं मेलं की ते जागे होतात. औषध मुळापर्यंत पोचायचं असेल तर पान काही दिवस जिवंत राहून अन्न खाली पाठवत राहायला हवं. आम्ही इतकं कडक मारलं की पानंच आधी गळली. टेक्सासच्या कृषी विस्तार खात्याचा सल्ला असा की फूटभर खोलीवरच्या मातीचं तापमान २४ अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय मेस्कीटवर फवारू नये. तिथेही हे सगळं करून पहिल्या फवारणीत सगळी झाडं मुळासकट मरत नाहीत. काही वर्षांनी पुन्हा फवारावं लागतं. मी वाचलेल्या पहिल्या दोन पानांत हे नव्हतं.

जे खरंच मेलं, ते दुसरंच. दादाने पुढच्या उन्हाळ्यात सांगितलं, "बोरी गेल्या. तरवड तर पार गेला." तरवडाला शेळ्या-मेंढ्या तोंड लावत नाहीत, म्हणून चरून चरून उघड्या पडलेल्या माळावरही तो टिकतो आणि त्याच्या आडोशाला गवताचं बी धरतं. माझ्या औषधाला तरवड आणि वेडी बाभूळ यांतला फरक कळत नव्हता. दोघांची पानं रुंद, म्हणजे दोघं तण. पावसाळ्यात माळावर येणारी लहान फुलझाडंही रुंद पानांचीच असतात. त्यांतलीही कितीतरी त्या वर्षी आली नाहीत. त्या मोकळ्या जागेत गवताआधी गाजरगवत आलं.

गेल्या दिवाळीत आम्ही गेलो. मुलीला तरवड दाखवायचा शब्द दिला होता, तो पाळायला आधी नान्नजला नेलं. गावापासून जवळच. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं, तेव्हा ते कागदावर सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, कारखाने सगळं आलं. २०१२ मध्ये ते सुमारे १,२०० वर आणलं. प्रत्यक्ष राखलेलं कुरण म्हणजे छोटे छोटे तुकडे. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात इथे काही तुकडे कुंपण घालून राखले, गवत वाढवलं आणि झाडंही लावली. गवत वाढलं म्हणून माळढोक तिथे अंडी घालू लागला. झाडं वाढली तसा तोच भाग त्याला नकोसा झाला. माळढोक हा लांबवर नजर टाकून जगणारा पक्षी. चहूबाजूंनी मोकळं दिसलं नाही तर तो थांबत नाही. गिरिपुष्पासारखी लावलेली झाडं काढायची वेळ पुढे वनखात्यावर आली. झाड लावणं हे पुण्य आणि झाड काढणं हे पाप, असं शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला हे गिळायला वेळ लागला.

माळढोक आम्हाला दिसला नाही, दिसणार नव्हताच. रानात उरलेल्या माळढोकांची देशभरची संख्या दीडशेच्या आत धरतात आणि ते बहुतेक राजस्थानात आहेत. पण मनोऱ्यावरून काळविटांचा कळप दिसला, नर पुढे, मान ताठ. माळटिटवी ओरडत होती. चंडोल वर चढत चढत गात होता. कुसळीचं गवत उन्हात तांबूस झालं होतं आणि मुलीच्या मोज्यांत कुसळं भरली होती. ती मला म्हणाली, "इथे तर काहीच नाही आणि खूप आहे." मी तिचं वाक्य सुधारलं नाही.

आपल्या हैदराबादेतच, बालानगरच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात, देशाच्या पडीक जमिनींची नकाशावही तयार होते. २०१९ च्या आवृत्तीप्रमाणे देशाची सुमारे १७ टक्के जमीन पडीक. त्यात झुडपी जमीन आणि ऱ्हास झालेली कुरणं हेही वर्ग आहेत. नकाशा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, त्या लोकांचं काम फार बारकाईचं आहे. खटकतो तो शब्द. इंग्रजांच्या महसूल खात्याला जिथून सारा येत नाही ती जमीन पडीक, ती व्याख्या आपण उचलली. एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक: झाडं लावा, सौरपट्ट्या मांडा, औषध मारा. नान्नजहून परत येताना मला कळलं की मीही माझ्या शीटमध्ये त्या ओळीचं नाव 'वेस्ट लँड' असंच दिलं होतं.

मग तणनाशक वाईटच का? नाही, आणि हे मी माझी चूक झाकायला म्हणत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात सरकारी चराऊ जमिनींवर १९८० च्या दशकापासून क्रिओसोट नावाच्या झुडपावर टेबुथियुरॉनचे दाणे टाकत आले आहेत. दाणे पावसात विरघळतात, मुळांतून शिरतात, वाफ होऊन उडत नाहीत. जिथे झुडपांच्या मध्ये थोडं गवत शिल्लक होतं तिथे ते काही वर्षांनी पसरलं आणि गवतात राहणारे प्राणी परतले. जिथे वाळूच उरली होती तिथे झुडूप मेलं आणि वाळूच राहिली. झुडपांत राहणाऱ्या पाखरांचं घर मात्र दोन्हीकडे गेलं. आणि तेच दाणे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कुरणांत ब्रिगलो मारायला वापरले, तर नद्यांतून वाहत ग्रेट बॅरिअर रीफच्या पाण्यापर्यंत पोचलेले सापडले. कोरड्या मातीत हे औषध वर्षानुवर्षं राहतं. जो गुण, तोच दोष.

मला सगळ्यात हललो असं उदाहरण शेताचं आहे, माळाचं नाही. इंग्लंडमध्ये ससेक्स भागात १९६८ पासून करड्या तित्तरांचा अभ्यास चालू आहे. तित्तर कमी का होतात? तणनाशक पक्ष्याला मारत नव्हतं. ते शेतातल्या रुंद पानांच्या तणांना मारत होतं, त्या तणांवरचे किडे संपत होते, आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लांना पहिल्या दोन आठवड्यांत किडेच लागतात. पिल्लं उपाशी मरत होती. आमच्या माळावर जी फुलझाडं आली नाहीत, त्यांच्यावरचे नाकतोडे आणि भुंगेही आले नसणार. तित्तर, चंडोल यांची पिल्लं त्यावरच वाढतात. मी मोजलेलं नाही, पण दादा म्हणाला त्या वर्षी सकाळी तित्तराची हाक कमी होती.

या दिवाळीच्या चार दिवसांत दादाने आणि मी माळाचं पुन्हा ठरवलं. या वेळी मी वही घेऊन गेलो आणि तो बोलला. जानेवारीपासून, शेंगा धरायच्या आधी, एकेक झाड कुदळीने बुडाशी उकरायचं आणि डोळ्यांच्या खाली, वीतभर खोल तोडायचं. लाकूड कोळसेवाल्यांना. हे काम करायला रायगडकडची कातकरी कुटुंबं हंगामात येतात. त्यांची मजुरी मुकादमाच्या हाती न देता थेट त्यांना द्यायची, ही अट मी घातली आणि दादाने मान्य केली, थोडी कुरकुर करून. एका वर्षी एकच एकर. उकरलेल्या खड्ड्यात मारवेलचे ठोंब आणि पवन्याचं बी. शेंगांच्या दिवसांत जनावरं माळावर सोडायची नाहीत. अगदी जाड बुंधे, जे उकरता येत नाहीत, त्यांच्या ताज्या कापावर ब्रशने औषध लावावं का, यावर आमचं अजून एकमत नाही. मी म्हणतो, तसं केलं तर हवेत काही जात नाही. दादा म्हणतो, "डबा पुन्हा माळावर न्यायचा न्हाई." सध्या त्याचंच चालतं.

शेवटच्या दिवशी मुलगी आणि मी माळाच्या वरच्या कोपऱ्यात गेलो, जिथे पंप घेऊन गडी पोचले नव्हते. खडकाच्या आडोशाला तरवडाची चार झुडपं होती. फुलं सरली होती, चपट्या तपकिरी शेंगा लटकत होत्या. तिने रुमालभर गोळा केल्या. अर्ध्या आम्ही तिथेच पावसाळ्यासाठी काकूकडे ठेवल्या. उरलेल्या जामबागेत आल्या. गच्चीवर सहा कुंड्यांत बी टाकलं, दोन कुंड्यांत उगवलं. एकाला चार पानं आहेत.

म्हाताऱ्या मेंढक्याचा मोबाइल नंबर दादाने शोधून काढला होता. मी स्वतः फोन केला. त्यांनी मला ओळखलं नाही, आजोबांचं नाव सांगितल्यावर ओळखलं. काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "औषध कंदी मारलं व्हतं?" तीन वर्षं झाली म्हटलं. "पाऊस तीन झालं म्हंजी." हो. "बघतो."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दादाचा मेसेज आला. सोबत फोटो, धुक्यात मेंढ्या आणि मागे वाड्याची जाळी. खाली लिहिलं होतं: आले. तीन रात्री बसले. माळावर नाही नेल्या, काळ्या रानातच.